भरवशाचा रकाना

देशातला भरवसा मोजायला पाकीट लागतं, हे २०२५च्या जागतिक आनंद अहवालातून कळलं. तुमचं पाकीट हरवलं तर शेजारी परत देईल का? अनोळखी माणूस देईल का? पोलीस देतील का? या उत्तरांवर देशाची पत ठरते. आमच्या खान्देशातल्या शिरपुरात शेजारी नक्की परत देईल. आत किती कमी पैसे होते ही बातमी मात्र पाकिटाच्या आधी गल्लीत फिरलेली असेल.

आपल्याकडेही हा उद्योग झाला आहे. दिल्लीची एनसीएईआर ही संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ मध्ये देशभरातल्या ४१,५५४ कुटुंबांना विचारलं, घरातलं कोणी महिला मंडळात आहे का? बचत गटात? जातीच्या संघटनेत? (हा शेवटचा प्रश्न भाबडाच. तिथे सभासद कोण होतं? वर्गणीची पावती आपसूक घरी येते.) पोलिसांवर, कोर्टावर, पुढाऱ्यांवर विश्वास किती, तेही विचारलं. पुढाऱ्याबद्दल आपला माणूस एवढंच सांगेल, "तो मना भाऊबंद शे." आता हा विश्वास धरायचा की अविश्वास, ते दिल्लीवाल्यांनी ठरवावं.

एक प्रश्न मात्र फक्कड होता. पाण्याची अडचण आली की तुमच्याकडे सगळे मिळून सोडवतात, की ज्याचं तो बघतो?

शिरपूर तालुक्यात याचं उत्तर २००४ पासूनच खणायला घेतलं होतं, तेही पोकलेननं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांचं डोकं, आमदार अमरीशभाई पटेलांचं पाठबळ आणि प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीचा पैसा. नाले रुंद केले, खोल केले, त्यांवर ओळीनं बंधारे बांधले. पाणी मुरलं, कोरड्या विहिरींना पाणी आलं, आणि 'शिरपूर पॅटर्न' बघायला बाहेरच्या गाड्यांची रीघ लागली.

गंमत अशी की या बंधाऱ्यांना दरवाजेच नाहीत. तांत्रिक कारणं असतील. मला मात्र यात खान्देशी शहाणपण दिसतं. दरवाजा आला की चावी आली. चावी आली की ती ठेवायला समिती, समितीला अध्यक्ष, अध्यक्षाला चुलतभाऊ, आणि चुलतभावाचं शेत नेमकं वरच्या अंगाला. त्यापेक्षा पाणी जमिनीखालून जाऊ द्यावं. तिथे कोणी कोणावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

मग सर्वेक्षणाच्या फॉर्मवर खूण कुठे करायची? नाला सगळ्यांचा, म्हणून 'मिळून'. विहीर ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर, म्हणून 'ज्याचं तो'. पाणी भरायला सहकार, उपसायला मोटार आपापली. वर केळी लावायची की कापूस, हेही कोणी कोणाला विचारत नाही.

तरी गावात आपुलकी नाही असं म्हणू नका. कोणालाही विचारा. स्वतःचा बोअर किती फुटांवर आहे ते क्षणभर आठवून सांगेल, शेजाऱ्याचा मात्र तोंडपाठ असेल.