शेजारून आलं असंल

कोल्हापूरची शाहूपुरी वसली ती गुळासाठी. शाहू महाराजांनी १८९५ साली इथं गुळाची पेठ उभारली, आणि ही बातमी व्यापाऱ्यांच्या आधी मुंग्यांना लागली असणार. तरी आजही घरात किडा दिसला, की पहिलं वाक्य ठरलेलं: "आमच्यात असलं काय नसतंय, शेजारून आलं असंल." माझं म्हणणं एवढंच, की आळ घेण्याआधी आरोपी कोण ते तरी बघावं. मुद्देमाल तो स्वतःच टाकून जातो. गादीच्या शिवणीला शाईसारखे काळे ठिपके असतील तर ढेकूण. ओट्याच्या कोपऱ्यात मिरपूड सांडलेली दिसली आणि घरात मिरपूडच नसली, तर झुरळ. चौकटीकडे मातीची नळी चढत असेल तर वाळवी. चौकटीखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले जमले, की मुंगी का वाळवी यावर दोन तट पडतात. कंबर बघावी. मुंगीची बारीक असते, वाळवीला जवळजवळ नसतेच. (एरवी हे बघणं असभ्य, इथं शास्त्रीय.)

यावर स्वच्छतेचा अभिमान दुखावतो. पण ढेकणाला हवं असतं रक्त, आणि दोनदा आंघोळ केलेल्याचंही त्याला चालतं. टोक्याची मादी तर सोंडेनं तांदळाचा दाणा कोरते, आत अंडं घालते आणि वर बूच लावते. दाणा दिसतो अखंड. वस्ती पोत्यातूनच येते. 'मारायचंच आहे तर ओळख कशाला?' म्हणणाऱ्यांनी वाळवीच्या नळीवर खुशाल फवारा मारावा. राणी खाली जमिनीत. एक पोस्टमन अडवून टपाल खातं बंद पडत नाही.

शेजाऱ्यावर ढकलायची खोड मात्र शाहूपुरीपुरती नाही. स्वयंपाकघरातल्या लहान, तपकिरी झुरळाला निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसनं १७६७ साली 'जर्मन' ठरवलं. रशियन लोक त्यालाच प्रशियन म्हणत, आणि जर्मन लोक रशियन. शेवटी २०२४ साली जनुकं तपासली गेली. निष्कर्ष असा, की हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये, आशियाई झुरळापासून निपजलं. म्हणजे आपल्याकडं सातवाहन होते तेव्हा. जर्मन सुटले. आता शाहूपुरीनं म्यानमारकडं बोट दाखवायला हरकत नाही, शेजारीच आहे.