अनुभवी पाहिजे म्हणे!

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा कुंपणाजवळ या, मोठ्यानं नको. कोपऱ्यावरच्या भाऊंची खिडकी सताड उघडी आहे. परवा त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला तुम्ही गावाला गेला होतात ना? अहो, काय हुकलंय तुमचं!

तर भाऊंचा थोरला मुलगा. मेकॅनिकल इंजिनीअर झाला म्हणून पेढे वाटले होते, आठवतंय? डबा चितळ्यांचा आणि आतले पेढे कुठले देव जाणे... जाऊ दे. तेव्हापासून पोरगा घरातच. उठला की लॅपटॉप उघडायचा आणि अर्ज करत बसायचं. त्याची आई सांगत होती, जाहिरातीत वर ठळक ‘फ्रेशर’ लिहितात आणि खाली बारीक अक्षरात ‘किमान २ वर्षांचा अनुभव’. दोन वर्षं राबलेला माणूस फ्रेशर कसा हो राहील? चाकणला एका ठिकाणी बोलावलं, तर इस्त्रीचा शर्ट घालून भर उन्हात गेला बिचारा. साहेब म्हणाले, ‘आधी कुठं काम केलंय?’ हा म्हणाला, ‘कुठंच नाही, म्हणून तर आलोय.’ झालं! साहेबांनी फाइल मिटली, म्हणाले, ‘कळवतो.’ कळवतात कसले...

आणि आपल्या गल्लीतल्या त्या दुसऱ्या वहिनींच्या माहेरचं कळलं का? नाव घेत नाही, कशाला उगाच. त्यांच्या भाच्यानं कुठल्याशा कन्सल्टन्सीत पैसे भरून चक्क अनुभवाचं पत्र विकत घेतलं! लेटरहेड काय, शिक्का काय, सगळं कसं फर्स्ट क्लास. नोकरी लागली, नवी गाडी बुक झाली. आणि मग एचआरवाल्या बाईंनी पीएफचा यूएएन नंबर मागितला. त्यात कुठल्या कंपनीनं कधी पैसे भरले ते सगळं दिसतं म्हणे. ह्याचं पासबुक कोरं करकरीत! दुसऱ्या दिवशी कंपनीनं गेटपास काढून घेतला. त्या सांगताना इतक्या गप्प झाल्या, की मीच विषय बदलून लोणच्याची रेसिपी विचारली.

सरकारी प्रशिक्षण घेऊनही तीच गत. ती २०२४ ची मुख्यमंत्र्यांची योजना नाही का, पदवीधराला महिना १०,००० रुपये. आमच्या नात्यातली एक मुलगी तहसील कचेरीत होती. सहा महिन्यांचे पुढे अकरा झाले. मग हातात सर्टिफिकेट आणि मुलगी घरी. मोर्चे काढले हो त्या मुलांनी. ती सर्टिफिकेट घेऊन खाजगी ऑफिसात गेली, तर म्हणे, ‘हा अनुभव आमच्या कामाचा नाही.’ आता काय बोलायचं!

तर काय सांगत होते? हां, सत्यनारायण. आरती झाली, शिऱ्याचे द्रोण फिरले आणि भाऊ सुरू झाले. ‘या कंपन्यांना लाज नाही. अनुभव, अनुभव! पोरांनी तो काय आईच्या पोटातून आणायचा?’ सगळे माना डोलावतायत. आणि भाऊंच्या घरच्या वहिनी तीर्थाची पळी हातात तशीच धरून, अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, आपल्या भोसरीच्या मशीन शॉपच्या गेटवर काय लावलंय?’

भाऊ म्हणाले, ‘काय लावलंय?’

‘व्हीएमसी मशीन ऑपरेटर पाहिजे. ३ वर्षांचा अनुभव असणाऱ्यांनीच भेटावे. त्यातला “च” तुम्ही पेंटरला मुद्दाम सांगून घालून घेतलात.’

अहो, भाऊंचा चेहरा! घास तोंडातच राहिला. गुरुजीसुद्धा दक्षिणा मोजायची थांबले.

मग भाऊंनी बाजू सावरायला घेतली. ‘तसं नाही, नवख्याच्या हातून एक ऑफसेट चुकला की टूल तुटतं, जॉब रिजेक्ट. कस्टमर माझ्या नावानं डेबिट नोट फाडतो. बरं, सहा महिने शिकवावा, तर शेजारचा शॉपवाला दोन हजार जास्त देऊन पळवतो. मग मी शिकवायचा कुणासाठी?’ तसं खोटं नाही हो त्यांचं. पण शेजारच्याच्या गेटवरही तीच पाटी! सगळ्यांना सून हवी, ती घरच्या आमटीची चव आधीच ठाऊक असलेली.

तेवढ्यात आपले टेल्कोवाले अण्णा. ते सोडतात होय! ‘मी अप्रेंटिस म्हणूनच लागलो. पहिले काही महिने नुसती फाइल घासली, हाताला फोड आले. १९६१ चा कायदा आहे, भाऊ. ३० माणसं असली की अप्रेंटिस घ्यावेच लागतात.’

भाऊ लगेच म्हणाले, ‘माझ्याकडे २८ च आहेत.’

बघा हं, बरोब्बर २८! आणि वहिनी हसल्या. हसल्या म्हणजे... शॉपचं पगारपत्रक त्याच लिहितात ना.

अण्णा म्हणाले, ‘चार माणसं असली तरी घेता येतात, सक्ती नाही एवढंच. आणि स्टायपेंडचा चौथा हिस्सा, दीड हजारापर्यंत, केंद्र सरकार देतं. २०१६ पासून योजना आहे. पोर्टलवर नाव घालायचं, बस्स.’ आता भाऊंना बोलायला जागाच राहिली नाही. द्रोण चाटूनपुसून स्वच्छ केला नुसता.

मी म्हटलं, मुलाला स्वतःच्याच शॉपवर का नाही नेत? हळूच विचारलं हं मी, वहिनींना, स्वयंपाकघरात. तर म्हणाल्या, ‘मुलगा म्हणतो, बापाच्या सहीचं पत्र कोण मानणार? आणि हे म्हणतात, इंजिनीअर झालाय पण व्हर्नियरवरचं माप वाचता येत नाही.’ चार वर्षं फी भरली, आणि माप येत नाही! दोघंही जेवताना एकमेकांकडे बघत नाहीत, टीव्हीकडे बघतात.

पण खरी बातमी पुढंच आहे. काल संध्याकाळी वहिनींनी मला फाटकात गाठलं. म्हणाल्या, ‘दोन अप्रेंटिस घेतल्याशिवाय मी या महिन्याचं पगारपत्रक करणार नाही, असं सांगितलंय. एक आयटीआयचा मुलगा बाहेरचा, आणि एक आपला थोरला. दोघांना सारखाच स्टायपेंड, सारखाच डबा.’ भाऊ काय म्हणाले विचारलं, तर म्हणे, ‘पेंटरला फोन लावलाय.’

म्हणून म्हणते, तुमचा तो पुतण्या आयटीआय करून बसलाय ना आकुर्डीचा? त्याचा बायोडेटा द्या बघू आजच. मी वहिनींच्या हातात देते, भाऊंच्या नको. आणि त्याला म्हणावं, अनुभवाच्या रकान्यात ‘नाही’ असं स्पष्ट लिही. उगाच काही शिक्केबिक्के नकोत, पासबुक बघतात हो आता.