सोसायटीचा सेक्रेटरी

सोसायटीचा सेक्रेटरी हा मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात मुबलक आढळतो. मंत्रालयातल्या सचिवाला गाडी आणि शिपाई मिळतो, कंपनी सेक्रेटरीला परीक्षा पास होऊन पगार मिळतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला गच्चीच्या चाव्यांचा जुडगा मिळतो. कागदोपत्री तो ‘मानद सचिव’ असतो. पगार नसतोच, आणि मानाची सोय ज्याची त्याने करायची असते.

वय निवृत्तीच्या थोडे अलीकडे किंवा पलीकडे. पूर्वायुष्य बहुधा बँकेत किंवा विमा कंपनीत गेलेले. वेश बर्म्युडा आणि बनियन, चष्मा कपाळावर. पंप बंद पडला की वॉचमन त्याची बेल वाजवतो, आणि पंप चालू असला की आवाज फार होतो म्हणून पहिल्या मजल्यावरच्या काकू वाजवतात.

त्याला अधिकार मिळतात ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 आणि त्याखालच्या उपविधींतून. उपविधींची प्रत तो जिवापाड जपतो. दंडाची कलमे लाल पेनाने अधोरेखित केलेली असतात. फ्लॅट भाड्याने दिल्यास नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा नियम मात्र त्याच्या नजरेतून हटकून सुटलेला असतो.

नोटीस हा त्याचा खास वाङ्मयप्रकार. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काही सभासद कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांचा विचार करीत नाहीत. हुकुमावरून.’ हे ‘काही सभासद’ कायम अनेकवचनी असतात. ते बिऱ्हाड एकच आणि कोणते, हे बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संध्याकाळपर्यंत नोटिशीखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिते, ‘लिफ्ट कधी चालू होणार?’ दुसऱ्या दिवशी नवी नोटीस लागते : नोटिशीवर लिहू नये. लिफ्ट तिथेच असते.

त्याचा खरा कस वार्षिक सर्वसाधारण सभेत लागतो. ही सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. गणपूर्तीला दोनतृतीयांश किंवा 20, यांतला जो आकडा लहान असेल तितके सभासद लागतात. ठरल्या वेळी सहाजण असतात, त्यांतले चार कमिटीचे. मग सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच सहाजणांत पुन्हा सुरू होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हिशेब मंजूर होतात. गरम सामोसे आले की जिन्यात पावले वाजतात, आणि गळती खासगी की कॉमन, पार्किंग कुणाच्या बापाचे, यावर कडाक्याची चर्चा रंगते. ज्यांचा वर्षभराचा मेंटेनन्स थकलेला असतो, त्यांचा आवाज सर्वांत खणखणीत असतो. हे सगळे सेक्रेटरी मिनिट बुकात एका ओळीत बसवतो : ‘सविस्तर चर्चा झाली.’

कमिटीची मुदत पाच वर्षांची. तेवढ्या काळात तो किमान दहा वेळा राजीनामा खिशात घेऊन फिरतो. निवडणूक आली की मात्र सभासदांना एकाएकी ऑफिस, गुडघे आणि पोरांची दहावी आठवते. काल त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करणारेही ‘तुमच्याशिवाय आहे कोण?’ म्हणत पुढे होतात, आणि तो पुन्हा बिनविरोध निवडून येतो. यात त्याची लोकप्रियता शोधू नये. बाकीच्यांचा शहाणपणा तेवढा दिसतो.