टाकी हलवून बघितलीस का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरला: 403मध्ये टाकीचा काहीतरी प्रॉब्लेम आहे, सेक्रेटरींनी लक्ष घालावं. 403 म्हणजे आम्ही. झालं असं होतं, की लिफ्टमध्ये मी फोनवर एका मित्राला सांगत होतो, "अरे, लांब टाकी घेतली की तीन सेकंद घुमतं. छोटी घेतली की नुसतं डबडं वाजतं. आणि हलवली की जो काय गडगडाट होतो ना, विचारू नकोस!" शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर दारात.

त्याला कसं सांगणार, की बाबा रे, ही टाकी पाण्याची नाही. खरं तर ती टाकीसुद्धा नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर टाकीचं सॉफ्टवेअर आहे आणि ते मी माऊसने हलवतो. त्याने आत येऊन बाथरूमचे नळ उघडून पाहिले, "पाणी तर येतंय" म्हणाला आणि व्हिजिटचे दोनशे रुपये घेऊन गेला. ह्या विषयावर मी केलेला तो सगळ्यात कमी खर्च.

सगळं सुरू झालं भाच्यामुळे. भाचा पुण्यात शिकतो इंजिनिअरिंग आणि करतो एकांकिका. एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, फक्त चाळीस सेकंदांचं म्युझिक हवंय. वाड्यातली जुनी विहीर आहे, ती रात्री बोलायला लागते. गिटारचा एकच स्वर दे, पण तो विहिरीत पडल्यासारखा वाटला पाहिजे. उद्या तालमीला लागेल. काहीही चालेल."

"काहीही चालेल" हे वाक्य हौशी संगीतकाराला ऐकू येत नाही. मी त्याच रात्री स्प्रिंग रिव्हर्बच्या एका प्लगइनची, म्हणजे लॅपटॉपवरच्या त्या टाकीच्या सॉफ्टवेअरची, चाचणीपुरती फुकट मिळणारी आवृत्ती उतरवून घेतली, गिटारची एक तार छेडली, पहिली दहा सेकंदं ऐकली आणि फाइल पाठवून दिली. सोबत लिहिलं, "हे नुसतं अंदाजासाठी आहे. खरा आवाज मी शोधतो." मग तीन आठवडे मी शोधत होतो.

रिव्हर्ब म्हणजे घुमारा. देवळाच्या गाभाऱ्यात "ॐ" म्हटलं की आपलाच आवाज आपल्याहून भारदस्त होऊन परत येतो, तो. स्प्रिंग रिव्हर्ब ही त्या गाभाऱ्याची स्वस्तातली नक्कल. पत्र्याच्या एका चपट्या पेटीत दोन-तीन बारीक, लांबलचक स्प्रिंगा ताणून बसवायच्या. हीच ती टाकी. एका टोकाला तारेचं वेटोळं आणि मुगाएवढा लोहचुंबक. गिटारचा सिग्नल वेटोळ्यात आला की चुंबक स्प्रिंगला पीळ देतो, लाट धावत दुसऱ्या टोकाला जाते, तिथलं वेटोळं ती टिपून घेतं. उरलेली लाट टोकावर आपटून माघारी फिरते, पुन्हा येते, पुन्हा जाते. सरकारी कचेरीत गेलेल्या माणसासारखी, दर खेपेला थोडी थकलेली. शिवाय त्या तारेवरून जाडे आणि बारीक स्वर एका वेगाने धावत नाहीत. त्यामुळे आत "टक्" घातलं की बाहेर "ट्यॉंव" येतं. कुठल्याही खऱ्या सभागृहात टाळी वाजवल्यावर असं ट्यॉंव होत नाही. झालं तर ठेकेदाराचं बिल अडेल.

म्हणजे नक्कल म्हणून ही वस्तू सपशेल नापास. पण गंमत अशी की लोक त्या ट्यॉंवच्याच प्रेमात पडले. आपल्याला ह्याचं नवल वाटायचं कारण नाही. मिरजेतला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर दिवसदिवस कानस फिरवतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तो तार स्वच्छ वाजावी म्हणून नव्हे, तर ती नेमकी हवी तेवढी झणझणावी म्हणून. त्या झणझणाटाला आपण जवारी म्हणतो आणि नसली तर तंबोरा परत पाठवतो.

मुळात स्प्रिंगचा आणि संगीताचा काही संबंधच नव्हता. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांमध्ये आवाज कसा रेंगाळतो, ते खोलीतल्या खोलीत तपासायला ही युक्ती निघाली. ती उचलली लॉरेन्स हॅमंड ह्या गृहस्थांनी. 1935 पासून ते विजेवरचे ऑर्गन विकत होते. चर्चमध्ये ऑर्गन ऐकून भारावलेली मंडळी तोच आवाज घरी मिळेल म्हणून वाद्य विकत न्यायची आणि घरातल्या गालिच्यांनी, पडद्यांनी सगळा घुमारा गिळून टाकलेला असायचा. मग हॅमंडने ऑर्गनच्या स्पीकरपेटीतच स्प्रिंगा घातल्या. सुरुवातीला त्यातल्या काही चक्क तेलाच्या नळ्यांत बुडवलेल्या असत. गाभारा लोणच्यासारखा मुरत घातलेला! पुढे 1960च्या सुमारास तेल गेलं, पेटी आटोपशीर झाली आणि टाकीला आजचं रूप आलं.

ह्या टाकीला कुंडलीही असते. नमुन्यादाखल, 4एबी3सी1बी. पहिला 4 म्हणजे साधारण 17 इंची लांब टाकी. मधला 3 म्हणजे घुमारा दीर्घ, पावणेतीन ते चार सेकंद. आणि शेवटचं अक्षर सांगतं, की टाकी बसवायची कशी: उताणी, पालथी की उभी. चुकीच्या अंगावर निजवली तर स्प्रिंगा लोंबतात आणि आवाज बिघडतो. हे वाचल्यावर आमच्याकडे वास्तुशास्त्राबद्दल मी जे जे बोललो होतो, त्यातलं निम्मं मनातल्या मनात मागे घेतलं. जुन्या काही टाक्यांवर तर कंपनीने छापूनच टाकलंय, की ही वस्तू विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन गावी सुंदर मुलींनी नियंत्रित वातावरणात बनवलेली आहे. मी हे कौतुकाने बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अच्छा. म्हणून रात्री दोनपर्यंत जागतोस होय."

फेंडर कंपनीने 1961मध्ये तीन बटणांची वेगळी रिव्हर्बपेटी काढली आणि 1963मध्ये स्प्रिंगा थेट ॲम्प्लिफायरच्या पोटातच बसवल्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डिक डेल आणि मंडळींनी ती गिटारला जोडली, आणि समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन नाचणाऱ्या पोरांना स्वतःचं संगीत मिळालं. गिटार वाजतेय की पत्र्यावर पाणी ठिबकतंय, अशी शंका येणारा तो आवाज. पण माझा खरा हिरो किंग्स्टनचा किंग टबी. जमैकातला हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. गाण्याच्या तयार रेकॉर्डिंगमधून तो गाणंच काढून टाकायचा, ढोल आणि बेस उरू द्यायचा, आणि मध्येच स्प्रिंगच्या पेटीला एक सणसणीत फटका द्यायचा. स्पीकरमधून वीज कडाडायची. यंत्राला थोबाडीत मारून ते सुधारतं, हे आपल्या घरोघरच्या टीव्हीनेही सिद्ध केलेलं आहे. पण त्या थपडेची कला फक्त टबीने केली.

तर अशी ही नक्कल. आणि आता त्या नकलेची नक्कल करणारी सॉफ्टवेअरं. त्यांच्यात दोन पंथ आहेत. एक पंथ खऱ्या टाकीत एकदा टिचकी मारतो, तिने दिलेलं उत्तर रेकॉर्ड करून ठेवतो आणि तेच तुमच्या आवाजाला चोपडतो. हा टाकीचा फोटो. दिसतो हुबेहूब, पण फोटोतल्या माणसाला गुदगुल्या केल्या तर तो हसत नाही. दुसरा पंथ स्प्रिंगचं भौतिकशास्त्रच गणितात मांडतो. बर्लिनच्या यू-हीचं ट्वँगस्ट्रॉम ह्या पंथातलं. स्वीडनच्या सॉफ्टट्यूबच्या स्प्रिंग रिव्हर्बमध्ये स्प्रिंगा किती घ्यायच्या आणि किती ताणायच्या, हे तुम्ही ठरवता. आणि दोन्हींमध्ये टाकी हलवायची सोय आहे! दोन्ही पंथांतली माणसं एकमेकांना मूर्तिपूजक आणि नास्तिक समजतात. मी आपला वारकरी, दिसेल त्याच्या पाया पडणारा. आर्टुरियाने ग्रॅम्पियन 636 ह्या जुन्या ब्रिटिश पेटीची नक्कल केलीय, तीही उतरवली. व्हिएन्नाच्या एकेजीचा बीएक्स 20 म्हणजे छोट्या कपाटाएवढा प्रकार होता. त्याला ट्यॉंव फारसं नाही, आवाज मखमली. त्याचंही सॉफ्टवेअर आहे. ते ऐकून मी अर्धा तास गप्प बसलो आणि मग लक्षात आलं, की विहिरीला मखमल काय करायचीय?

जरा विचार करा. 1960च्या दशकातल्या अभियंत्याने ज्या ट्यॉंवपायी डोकं धरलं असेल, त्याच ट्यॉंवला आज हुबेहूब उतरवायला डॉक्टरेट झालेली माणसं बसतात. स्प्रिंगांची पेटी कुणी धक्का मारू नये म्हणून जपायची, तर सॉफ्टवेअरमध्ये धक्का मारायचं बटण वेगळं. आणि मी मध्यरात्री खोलीचं दार लावून त्या बटणावर बोट ठेवून खुदुखुदु हसतोय.

शेवटी माझे कान बधिर झाले. अकराव्या दिवशी सगळे रिव्हर्ब एकच वाटायला लागले आणि बाराव्या दिवशी फ्रिजसुद्धा रिव्हर्बमधून बोलतोय असं वाटलं. तेव्हा मी आईला शरण गेलो. आई हॉलमध्ये मटार सोलत बसली होती. तिला मी म्हटलं, "आई, पाच आवाज ऐकवतो. कुठला कसला आहे ते सांगणार नाही. तुला काय वाटतं ते बोल."

"हातातलं काम चालू ठेवलं तर चालेल ना?"

"चालेल."

पहिला लावला. आई म्हणाली, "मोरीत तांब्या पडला."

दुसरा लावला. "तांब्याच, पण मोरी मोठी आहे. आपल्या सातारच्या घरची होती ना, तशी."

मी थक्क. दुसरा म्हणजे तीच टाकी, फक्त लांबीला मोठी. इंचांत जे लिहिलेलं असतं, ते आईने मोरीत अचूक मोजलं होतं. तिसऱ्याला ती म्हणाली, "लोखंडी कपाटावर कुणीतरी डोकं आपटलं." हा किंग टबी पद्धतीचा. चौथ्याला तिने मटारची शेंग तशीच धरून ठेवली आणि बराच वेळ कान देऊन म्हणाली, "हा श्रीमंताघरचा आहे. पण ह्याला काही म्हणायचं नाहीये." मखमलीचा निकाल लागला.

पाचवा लावला आणि आईचा चेहरा खुलला. "हा चांगला आहे बघ. स्वच्छ. हा कुठला?"

पाचव्यात रिव्हर्बच नव्हता. तुलनेसाठी म्हणून कोरी गिटार ठेवली होती.

"महाग आहे का रे?" आईने विचारलं.

तरीही मी निर्णय घेतला, म्हणजे सेल लागला. पहिल्या रात्री ज्याची फुकट आवृत्ती वापरली होती, तेच प्लगइन चाळीस टक्के सवलतीत मिळत होतं. इतकं फिरून माणूस पहिल्या घरीच येतो, ह्यात मला काहीतरी दैवी वाटलं. पैसे भरले, परवाना नोंदवला, रात्रभर बसून चाळीस सेकंदं घडवली. टाकी लांब, स्प्रिंगा तीन, ताण कमी, आणि छत्तिसाव्या सेकंदाला एक हलकासा धक्का. पहाटे फाइल भाच्याला पाठवली.

दुपारी त्याचा फोन. "मामा, अरे, सांगायचंच राहिलं! आपण फायनलला गेलो. गेल्या रविवारी प्राथमिक झाली. तुझं म्युझिक जबरी बसलं!"

"कुठलं म्युझिक? आत्ता तर पाठवलं."

"ते पहिलंच रे. अंदाजाचं. त्यात तिसाव्या सेकंदाला ती विहीर घसा खाकरते बघ, खर्रर्र करून. डायरेक्टरने तो पॉज त्याच्यावरच बसवला. परीक्षकांनी मुद्दाम विचारलं, ही कल्पना कुणाची? आता फायनलसाठी तेच हवंय, फक्त सत्तर सेकंदांचं, आणि खाकरणं दोनदा. तू नवीन पाठवलंयस त्यात ती खाकरतच नाही. जरा सपक वाटतं."

फाइल उघडून ऐकली. तिसाव्या सेकंदाला खरंच, खर्रर्र. फुकट आवृत्तीत कंपनीने मध्ये मध्ये असा आवाज पेरून ठेवलेला असतो, फुकट्यांना लाज वाटावी म्हणून. मी पहिली दहाच सेकंदं ऐकली होती. आणि आता मी रीतसर पैसे भरलेला सभ्य ग्राहक होतो. माझं प्लगइन खाकरणार नव्हतं. परवाना काढून टाकून पाहिला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून पाहिलं. त्याने मला ओळखलं आणि आदराने गप्प राहिलं. खरखर वेगळी कापून चिकटवावी, तर तिच्याखालून गिटारचा शेपटा वाजत होता. तोही कापला जाई. कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं, की कृपया मला पूर्ववत फुकट्या करावं. बायकोने ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी पुन्हा आईकडे गेलो. हेडफोन तिच्या कानाला लावले. "हा खर्रर्र कशासारखा वाटतो, सांग ना."

आईने डोळे मिटले. "गरम तेलात मोहरी तडतडल्यावर वर झाकण ठेवतो ना, तसा. झाकण पितळेचं हवं."

मी उठलो, मायक्रोफोन घेतला, स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टँड लावला, पितळेचं झाकण शोधून काढलं. कढई चढवली. "आई, चल, दोन फोडण्या कर. एक साधी, एक जरा लांबीला मोठी."

आई दारातच थांबली. "आज एकादशी आहे. मोहरी नाही चालत," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिला दया आली असावी. "तुपात जिरं घालून बघायचं का?"