दहा बोटांचा वकील

पालघरच्या कोर्टाबाहेर, प्रांत ऑफिसच्या जिन्यावर, नाहीतर बोईसर स्टेशनात डहाणू लोकलची वाट बघताना तुम्ही त्यांना पाहिलंच असेल. काळा कोट हातावर, बगलेत फाइल, समोर सातबाऱ्याची झेरॉक्स घट्ट धरून उभा असलेला एखादा बिचारा. वकीलसाहेब दिवसभर अखंड बोलतात. फक्त ‘टक्का’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही.

कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 20. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. अमेरिकेत वकील तिसरा हिस्सा राजरोस करारात लिहून घेतात. आपल्याकडे निम्म्या वसुलीचा करार करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलाला सुप्रीम कोर्टाने 1954 सालीच दोषी ठरवलं होतं. साहेब नियमाचे पक्के. तोंडातून टक्का काढत नाहीत, बोटं दाखवतात. नियमात बोटांबद्दल काही लिहिलेलं नाही.

जिल्ह्यातून बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा कॉरिडॉर आणि मुंबई-वडोदरा महामार्ग, तिन्ही जाणार म्हटल्यावर बोटांना उसंत कुठली! “काका, मोबदला कमी लागलाय. वाढीव मागू. खर्चाचं टेन्शन नको, आपलं फक्त हे...” असं म्हणून दोन्ही पंजे उघडायचे. वाणगावचे एक काका दहा हजार आगाऊ समजून उठून चालू लागले. साहेब मागे धावले, “आल्यावर हो, आल्यावर!”

एकदा त्यांनी कॅन्टीनमध्ये तीन कटिंग सांगायला तीन बोटं वर केली. शेजारचा अशील उखडला. “साहेब, याला तीन? मला परवा पंधरा केलेत!” साहेब चहाकडे बोट दाखवू लागले, तर लोकांना वाटलं आता एकावर आले. संध्याकाळची लोकल उमरोळीला पोचेपर्यंत भाव पडल्याची बातमी डब्याडब्यात झाली होती.

लग्नात वधूवरांना आशीर्वाद द्यायला त्यांनी हात वर केला, तर वधूपिता हळूच म्हणाला, “पाच? मग मला दहा का?” पुढे लोकलच्या दारात करंगळी चेंगरली. अर्ध्या करंगळीला बँडेज बांधून साहेबांनी पंजे उघडले आणि समोरच्या म्हातारीने विचारलं, “साडेनऊ का रं?” वीसच्या वर मात्र ते कधी जात नाहीत. दहाच्या वर दुसऱ्यांदा पंजे उघडता येतात, पण वीसनंतर बूट काढायची वेळ येईल म्हणून असावं.

मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो. पण दुसऱ्या वकिलांचं काय? मुंबईतल्या बड्या फर्मा कंपन्यांना तासाचं बिल लावतात. फोन उचलला की घड्याळ सुरू. पालघरात बोर्डावर नंबर लागेपर्यंत बसलेले तास बिलात धरले, तर अशिलाची चिकूची वाडी त्यातच जाईल. म्हणून इथे बरेच जण तारखेवर फी घेतात, आणि तारखेवर पोट असलेल्याला पुढची तारीख पडली तर वाईट कशाला वाटेल? खटला लवकर संपावा असं मनापासून वाटणारा वकील म्हणजे हा बोटवालाच. नाझराच्या मागे लागेल, साक्षीला डॉक्टर आणायला स्वतःच्या खिशातून रिक्षा करेल.

अर्थात वाटा अडकला की साक्षीदाराला पढवायचाही मोह होतो, म्हणून नियम आहे आणि तो योग्यच आहे. 2017 साली तेलंगणातल्या एका विधवेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की दाव्याच्या रकमेवर टक्क्याने फी मागता येणार नाही. अपघातात तिचा नवरा गेला होता, आणि फीच्या चेकवरून वकिलानेच तिला कोर्टात खेचलं होतं.

आमच्याकडेही एक बाई आली होती. नवरा तारापूरला कंत्राटी कामगार, चिल्हार फाट्याजवळ ट्रकखाली गेला. दावा मंजूर झाला, पण कोर्टाने बरीचशी रक्कम तिच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत घातली. ही गोष्ट साहेबांना मुळीच आवडत नाही, ठेवीत बोटंही अडकतात. तरी बाई नोटा पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली. “किती द्यायचे, साहेब?” साहेबांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि “मुलीची फी भर,” असं खेकसले. दुसऱ्या दिवशी एका बागायतदारासमोर पंजे पुन्हा उघडले, तेव्हा मला बरं वाटलं. माणूस बिघडला नव्हता.

पण त्या बाईला ही बोटं मोजायची वेळच यायला नको होती. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे तुम्ही तिला आधी का नाही सांगितलंत, असं मी साहेबांना विचारलं. “विचारलं कोणी?” ते म्हणाले. तेव्हा विचारायचं असेल तर तालुका विधी सेवा समितीत विचारा, नाहीतर 15100 वर. फोन फुकट आहे.