अक्षर मात्र सुंदर

कुणाविषयी वावगा शब्द न काढणारा मनुष्य प्रत्येक गटात एक तरी असतो आणि गटाच्या निम्म्या आनंदावर पाणी टाकतो. चहाडी, चुगली, कागाळी, कुचाळकी, उखाळ्यापाखाळ्या असे शब्द मराठीत मुबलक आहेत. यांतले काहीच न करणाऱ्यासाठी मात्र एक धड शब्द नाही. भाषेलाही त्याचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही.

त्याच्या निरीक्षणासाठी डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणारी सकाळची फास्ट लोकल सर्वांत सोयीची. तिथे तो चौथ्या सीटवर आढळतो, म्हणजे तिघांच्या बाकावर अर्धा टेकलेला, अर्धा अधांतरी. ग्रुपच्या बोलण्याचा क्रम ठरलेला असतो: ठाण्यापर्यंत साहेब, घाटकोपरपर्यंत सोसायटीचा सेक्रेटरी आणि दादर येईपर्यंत त्या दिवशी न आलेला मित्र. रजा घेण्याची ती किंमतच असते. चौथ्या सीटवरचा गृहस्थ डबा मांडीवर घेऊन गप्प बसतो. फारच छेडले तर खिडकीबाहेर बघून म्हणतो, "त्याचं अक्षर मात्र सुंदर आहे हं."

अक्षर ही त्याची शेवटची तटबंदी. बावळटासाठी "स्वभाव भोळा", चिडखोरासाठी "मनात काही ठेवत नाही", कंजुषासाठी "संसार सांभाळून आहे" अशी उत्तरे तयार असतात. हा साठा संपला की अक्षर. त्यामुळे ग्रुप आरोपाकडे लक्षच देत नाही, उत्तराची वाट पाहतो. भिशीचे पैसे घेऊन एक सभासद गावी गेला तो परतला नाही, तेव्हा वहीतले त्याचे आकडे मोत्यासारखे असल्याचे या गृहस्थाने सांगितले आणि पैसे बुडाल्याची सर्वांची खात्री पटली. उत्तरापूर्वीचा विरामही मोजला जातो. मुलुंडपासून भांडुपपर्यंत तो बोलला नाही, तर प्रकरण पोलिसांत जाणार असे समजतात. इतकी अचूक निंदा अख्ख्या डब्यात दुसरा कोणी करत नाही, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही.

कायदा त्याच्यापेक्षा पुष्कळ सैल. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 499 ने अब्रुनुकसानीला दहा अपवाद दिले होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आले. लोकहितासाठी सांगितलेले सत्य हा त्यातला पहिलाच अपवाद. हा गृहस्थ तोही मान्य करत नाही.

यातून अपघात होतात. एका स्थळाची चौकशी त्याच्याकडे आली. मुलगा खरोखरच निर्व्यसनी, नोकरीत कायम, पण सवयीने तोंडून निघाले, "अक्षर सुंदर आहे." मुलीचे काका चहा अर्धा टाकून उठले. मैत्रीचा विषय निघाला की तो कर्णाचा दाखला देतो. पुढे दुर्योधनाच्या अक्षराचे कौतुक ऐकावे लागेल या धास्तीने ग्रुप घाईघाईने क्रिकेटकडे वळतो.

तरीही रजा टाकताना ग्रुपमधला प्रत्येक जण मनातल्या मनात एक चौकशी करतो: उद्या चौथ्या सीटवर तो आहे ना?

एका मित्राच्या पतपेढीच्या कर्जाला तो जामीन राहिला होता. 1872 च्या करार कायद्याचे कलम 128 जामीनदारावर ऋणकोइतकीच जबाबदारी टाकते, करारात वेगळे ठरलेले नसेल तर. मित्र पत्ता न ठेवता निघून गेला. तीन वर्षे हप्ते याच्या पगारातून गेले आणि ग्रुपला त्याची कुणकुणही नव्हती. वसुलीचा कागद डब्याच्या पिशवीतून घसरून पडला तेव्हा कळले. नाव सांग म्हणून सगळे हट्टाला पेटले. त्याने पाकिटातून घडीची एक चिठ्ठी काढली, खालची सही अंगठ्याने झाकली आणि पुढच्या महिन्यात पैसे देतो एवढा मजकूर सर्वांपुढे धरला.

"अक्षर बघा," तो म्हणाला.

अक्षर गिचमिड होते. कुर्ला आले, गेले. पत्ते पिसणाऱ्याचे हात थांबले होते.

"छान आहे," खिडकीजवळचा म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.