हार पुढे, भार मागे

जव्हारच्या बाजारपेठेत उभी असलेली मोटारसायकल फक्त पुढून बघायची असते, असा तिच्या मालकाचा ठाम समज दिसतो. हेडलाइटवर देवाचं स्टिकर, हँडलला गोंडे, टाकीला मखमली कव्हर, मडगार्डवर पोराचं नाव. मागच्या चाकाकडे गेलात की राज्य बदलतं. तिथे चेन कव्हरवर चिखलाचे थर असतात आणि गाडीने किती पावसाळे काढले ते त्यावरून सांगता येतं. दसऱ्यालाही झेंडूचा हार हेडलाइटला, नारळ पुढच्या चाकासमोर. इंजिनाचं सगळं बळ ज्या चेनीवरून मागच्या चाकाला पोचतं, तिच्या वाट्याला हळदीचं बोटसुद्धा येत नाही. (येत नाही तेच बरं. हळद हे काही वंगण नव्हे.)

दाभोशाच्या वाटेवर चेनीबाबतचा हा दुजाभाव जास्तच छळतो. लेंडी नदी तिथे सुमारे 300 फूट खाली उडी घेते आणि पावसाळी रविवारी ते पाहायला मुंबई-नाशिकहून मोठमोठ्या गाड्या येतात. त्यांच्या चेनीच्या प्रत्येक कडीत रबरी रिंगा असतात, ग्रीस आत कोंडलेलं असतं, शिवाय बॅगेत चेनीवर मारायचा स्प्रे. एवढी बडदास्त असलेली ती चेन वाहते काय, तर एक जाकीट घातलेला माणूस आणि त्याचा कॅमेरा. त्याच रस्त्यावर आमच्याकडची 100 सीसीची गाडी मात्र नवरा, बायको, मध्ये दोन पोरं आणि आडवं टाकलेलं नागलीचं पोतं घेऊन चढ चढते. पहाटे ती मोगऱ्याच्या कळ्या एसटीपर्यंत पोचवते, दुपारी गॅसचा सिलिंडर आणते, दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाची भांडीकुंडी नेते आणि शिमग्याला ती परतही आणते. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात ‘दोन माणसे’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने आमचा जव्हार-मोखाडा भाग पाहिलेला नसावा.

ही चेन तशी जुन्या घराण्यातली. कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेनी करणाऱ्या हान्स रेनॉल्डने 1880 साली मँचेस्टरला तिचा आराखडा नोंदवला. पत्ती, पिन, बुश, रोलर – मूळ घडण आजही तीच. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना बहुधा 428 नंबरची चेन लागते आणि तिच्या दोन पिनांमधलं अंतर असतं 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. म्हणून 20 कड्या मोजल्या की नव्या चेनीत बरोबर 254 मिलिमीटर भरतात. तेच माप 259 च्या घरात गेलं की चेनीचं आयुष्य सरलं म्हणायचं. लोक म्हणतात चेन वाढली. पत्ती काही ताणली जात नाही. पिन आणि बुश आतून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते आणि शंभराहून अधिक सांध्यांतली ती केसभर जागा मिळून चाक मागे ओढावं लागतं. इथे तर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात लाल माती. ऑईल आणि ती माती एकत्र आली की वंगणाचा घासायचा लेप होतो. गॅरेजमधलं काढलेलं काळं ऑईल फुकट मिळतं म्हणून ओतणारे बरेच. त्यात इंजिनाची झीजही फुकट येते.

मला या चेनीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती तिचा ढिलेपणा. नवखा मालक चेन ताठ करून घेतो आणि समाधानाने निघतो. पण मागचं चाक एका जागी बसलेलं नसतं. ओझं बसलं, खड्डा आला की ते वर-खाली होतं आणि पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधलं, म्हणजे दातेरी चाकांमधलं, अंतर बदलतं. रिकाम्या गाडीत ताठ केलेली चेन तिघं बसल्यावर आणखी ताणली जाते आणि तिचा राग गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर निघतो. म्हणून खालच्या बाजूला मधोमध साधारण 20 ते 30 मिलिमीटर झोळ ठेवायचा. त्यातही चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक फिरवून जिथे ती सर्वांत ताठ लागते तिथलं माप धरायचं. सैल ठेवणं म्हणजे निष्काळजीपणा, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. चेन मात्र या शिकवणीला दाद देत नाही.

काटकसरीचाही एक प्रकार आहे. गॅरेजवाला सांगतो, ‘‘दादा, चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट टाका.’’ दादा म्हणतात, ‘‘नुसती चेन टाक, चाकं बरी आहेत.’’ मागचं चाक बरं दिसतंही. पण पुढचं छोटं स्प्रॉकेट झाकणाआड असतं, त्याला दात कमी, म्हणून मागचं एकदा फिरेपर्यंत ते तीनेक वेळा फिरतं आणि आधी संपतं. झाकण उघडलं की त्याचे दात भातकापणीच्या विळ्यागत वाकलेले दिसतात. त्यावर नवी कोरी चेन चढवली, की तीही काही महिन्यांत जुनीच्या वळणावर जाते. दादांनी वाचवलेले पैसे पुढच्या पावसाळ्यात, मजुरीसकट, त्याच गॅरेजात जमा होतात.

धुवायला पूर्वी रेशनचं निळं रॉकेल असायचं. आता ते दुर्मीळ, म्हणून डिझेल. जुना ब्रश, फडकं, मग 90 नंबरचं गिअर ऑईल, तेही चेनीच्या आतल्या बाजूने, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जाताना सांध्यातून जातं. हे काम निघताना नव्हे, घरी पोचल्यावर करावं. गरम चेन ऑईल पटकन पिते आणि रात्रभरात जास्तीचं गळून जातं. चेन लॉकची पत्ती बसवताना तिचं बंद तोंड चेनीच्या धावण्याच्या दिशेला हवं. एवढ्या कामाला चहा निवायला लागतो तितकाच वेळ पुरतो, आणि तरीही ते होत नाही, कारण तिथे कुणी फोटो काढत नाही.

तेव्हा दाभोशाला आलात तर धबधब्याचे फोटो काढून झाल्यावर, परतीच्या चढाला लागण्यापूर्वी, गाडी डबल स्टँडवर घ्या आणि चेन बोटाने वर-खाली हलवून बघा. इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून. चालू गाडीच्या चेनीत बोट गेलं तर ते बोट राहत नाही.